रडगाणं पुरे, गुडघे टेका

बसा. मोबाइल पालथे घालून चालणार नाही, बंद करा आणि समोरच्या टेबलावर आणून ठेवा. आज मी तुम्हाला धर्मशिक्षण देणार नाही. ते दृढीकरणाच्या वर्गात देऊन झालंय. प्रश्नोत्तरं तुम्ही घडाघडा म्हणून दाखवलीत, बिशपांच्या हातून कपाळावर तेल लावून घेतलंत, फोटो काढलेत, जेवणावळी घातल्यात. आज मला हिशेब हवा आहे.

राखेच्या बुधवारी तुमच्यातल्या प्रत्येकाने काही ना काही सोडायचं ठरवलं होतं. कोणी दारू, कोणी फोनवर पैसे लावून खेळायची रमी, कोणी रात्री दाराला कडी लावून जे बघता ते. मोठ्या तोऱ्यात कानाला खडा लावलात. उपवासकाळाचा तिसरा रविवार उजाडला नाही, तोवर येरे माझ्या मागल्या! आणि वर सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य, ‘बाई, प्रार्थना करतो हो, पण मोह आवरतच नाही.’

हे वाक्य यापुढे मला ऐकवू नका. ते खरं नाही. तुम्ही आधी हरता आणि मग प्रार्थना करता. तहान लागल्यावर विहीर खणायला घेता आणि पाणी लागत नाही म्हणून देवाच्या नावाने बोटं मोडता.

परवा तुमच्यातल्याच एकाला मी समोर बसवलं. नाव घेणार नाही, त्यानेही मान खाली घालायची गरज नाही. म्हटलं, काल रात्री काय झालं ते वेळेसकट सांग. त्याने सांगितलं. साडेनऊला जेवण झालं. आईने रोजरीला हाक मारली, हा ‘आलोच’ म्हणाला आणि गेला नाही. दहाला अंथरुणावर पडला, फोन छातीवर. साडेदहाला क्रिकेट बघत होता. अकराला बोट भलतीकडे गेलं. ‘तेव्हाच कळलं होतं, बाई,’ म्हणाला. कळलं होतं, तरी फोन हातातच होता. साडेबाराला सगळं होऊन गेलं. मग भिंतीवरच्या क्रुसाकडे बघून रडला. मी विचारलं, ‘यात प्रार्थना कधी केलीस?’ ‘शेवटी.’ ‘आणि आईने हाक किती वाजता मारली होती?’ त्यावर गप्प.

त्या रात्रीची लढाई साडेनऊला होती, अकराला नव्हे. साडेनऊला फक्त उठून दहा पावलं चालायचं होतं, आईशेजारी बसायचं होतं, मणी हातात धरून 53 वेळा ‘नमो मारिया’ म्हणायचं होतं. कंटाळा आला असता, जांभया आल्या असत्या, पण जमलं असतं. अकराला मात्र त्याला सिंहाचं बळ लागलं असतं, आणि ते त्याच्याकडे नव्हतं. तुमच्यातल्या कोणाकडेच नाही. माझ्याकडेही नाही. म्हणूनच चर्चने आपल्याला वेळा बांधून दिल्या, सकाळची प्रार्थना, जेवणाआधीची प्रार्थना, संध्याकाळची घंटा, रात्रीची रोजरी. त्या वेळा तुम्ही म्हाताऱ्यांच्या म्हणून सोडून दिल्यात, आणि आता मध्यरात्री चमत्कार मागता.

सन 590 मध्ये पोप झालेल्या संत ग्रेगरींनी प्रभूच्या वाळवंटातल्या परीक्षेवर प्रवचन केलं होतं. मोह तीन पायऱ्यांनी येतो, असं त्यांनी त्यात सांगितलं. आधी मनात काहीतरी सुचवलं जातं. मग त्याची गोडी वाटू लागते. मग मन होकार देतं. सुचणं हे पाप नाही. प्रभू येशूलाही सैतानाने सुचवलंच की! पण ते बाहेरच्या बाहेर राहिलं, त्याला आत रस मिळाला नाही आणि होकारही मिळाला नाही. तुमचं काय होतं? सुचलं की तुम्ही त्याला बसायला पाट देता. ‘नुसतं बघू’, ‘एकच डाव’, ‘एकच पेग, भावाचं लग्न आहे’ असं म्हणत दुसऱ्या पायरीवर ऐसपैस बसता, आणि तिसरी पायरी आली की म्हणता, ‘मी दुबळा आहे.’ दुबळे असालही, पण पहिल्या पायरीवर तुम्ही दुबळे नव्हता, तिथे तुम्ही हयगय केलीत.

आपल्या वसईत खाडीकाठी ज्यांची शेतं आहेत त्यांना जाऊन विचारा. खारं पाणी बांध फोडून आत येत नाही. आधी खेकड्याच्या बिळातून पाझरतं. बीळ मुठीएवढं असताना चिखलाचा गोळा दाबून बसवला की काम भागतं. ‘सकाळी बघू’ म्हणून शेतकरी झोपला की भरती येते आणि बांधाला खांड पडते. मग अख्खा गाव घमेली घेऊन धावला तरी पाणी आत यायचं ते येतंच, आणि खारवलेली जमीन लगेच पिकत नाही. तुमच्या आजोबांना हे शेतीतलं कळत होतं आणि मनातलंही कळत होतं. तुम्ही जमिनी विकल्यात, पण अक्कल तरी ठेवायची होती!

आता शुभवर्तमान उघडा. उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी दरवर्षी चर्च तेच शुभवर्तमान वाचतं, वाळवंटातल्या परीक्षेचं. तुम्हीही ऐकलंत, यंदाही. काय ऐकलंत? येशू चाळीस दिवस उपाशी होता, सैतान आला, तीनदा मोह घातला, येशूने तीनदा परतवला. बस? येशूने परतवला कसा, हे बघितलंत का? तिन्ही उत्तरं जुन्या करारातल्या अनुवादाच्या पुस्तकातली आहेत, सहाव्या आणि आठव्या अध्यायातली. पोटात अन्नाचा कण नाही, समोर शत्रू उभा, आणि प्रभूला वचन शोधावं लागलं नाही. ते ओठांवर होतं. नाझरेथच्या घरात आणि सभास्थानात लहानपणापासून जे घोटलं, ते वाळवंटात कामी आलं. सैतानानेही स्तोत्र 91 मधली वचनं तोंडावर फेकली. म्हणजे शास्त्र त्यालाही पाठ आहे. तुम्हाला काय पाठ आहे, सांगा. गाण्यांच्या ओळी पाठ आहेत, जाहिराती पाठ आहेत, खेळाडूंच्या धावा पाठ आहेत. पवित्र शास्त्रातलं एक वचन, संदर्भासकट, कोण उठून म्हणेल? बघा, कोणाचाच हात वर नाही.

चौथ्या शतकात इव्हॅग्रियस नावाचा एक माणूस होता. कॉन्स्टँटिनोपलमध्ये डीकन, विद्वान, वक्तृत्वाला धार, मोठ्या लोकांत ऊठबस. एका विवाहित स्त्रीवर त्याचं मन जडलं आणि तिचंही त्याच्यावर. सुटकेसाठी तो प्रार्थना करत राहिला. मग एका रात्री स्वप्नात त्याने शुभवर्तमानावर हात ठेवून शहर सोडायची शपथ घेतली. जाग आल्यावर ‘स्वप्नातलीच शपथ’ म्हणून कूस बदलून झोपला नाही, सामान बांधलं आणि जहाज धरलं. पुढे जेरुसलेम, तिथून इजिप्तच्या वाळवंटात, आणि 399 मध्ये मरेपर्यंत तो तिथल्या तपस्व्यांमध्येच राहिला. तिथे त्याने एक पुस्तक लिहिलं. माणसाला ग्रासणारे आठ विचार त्याने नावानिशी मांडले: खादाडपणा, कामवासना, पैशाचा लोभ, खिन्नता, राग, मनाचा कंटाळा, पोकळ मोठेपणा आणि गर्व. आणि प्रत्येक विचार मनात कोणत्या रूपाने येतो आणि त्याला पवित्र शास्त्रातल्या कोणत्या वचनाने उलट उत्तर द्यायचं, अशी शेकडो वचनं लावून दिली. पुढे हीच यादी पोप ग्रेगरींनी बदलली आणि तुम्ही पाठ केलेली सात प्रमुख पापं तिथूनच आली.

इतकं जमत नाही म्हणाल, तर त्याच परंपरेतल्या जॉन कॅशियनने त्याहून सोपं सांगून ठेवलंय. स्तोत्र 70 ची पहिली ओळ, देवाला मदतीला धावून ये म्हणणारी. जेवताना, चालताना, झोपताना, मोह आला असता आणि नसताना, तेवढीच ओळ म्हणत राहा, असं वाळवंटातले वडीलधारे शिकवत. आजही धर्मगुरू आणि सिस्टर्स रोजच्या प्रहरांच्या प्रार्थनेला याच ओळीने सुरुवात करतात. एक ओळ आहे. विरार लोकलमध्ये उभ्या उभ्या पाठ होईल. तेवढीही जमत नसेल, तर ‘मला सुटायचं आहे’ हे मला सांगू नका.

आता दुसरी गोष्ट. नुसती प्रार्थना करून दार उघडं ठेवणारा देवाची परीक्षा बघतो. पश्चात्तापाच्या प्रार्थनेत तुम्ही पापाचे प्रसंग टाळीन असं वचन देता. फादरांसमोर गुडघ्यावर बसून देता. आणि बाहेर आल्यावर त्याच मित्रांबरोबर त्याच नाक्यावर त्याच वेळेला उभे राहता. हे कोणाला फसवणं आहे?

डब्लिनचा मॅट टॅल्बट ऐका, कारण तुमच्यातले निम्मे तरी त्याच्याच वाटेवर आहेत. जन्म 1856, गरीब घर, बाराव्या वर्षी शाळा सुटली आणि दारूच्या बाटल्या भरणाऱ्या दुकानात कामाला लागला. तिथेच प्यायला शिकला. पंधरा-सोळा वर्षं पगार दारूत ओतला. 1884 मध्ये एका शनिवारी खिशात दमडी नव्हती, कारण आठवडाभर कामावर गेला नव्हता. नाक्यावर उभा राहिला, आजवर ज्यांना पाजलं त्यातला कोणीतरी बोलावेल म्हणून. सगळे समोरून निघून गेले. तो घरी गेला आणि आईला म्हणाला की दारू सोडायची शपथ घेतो. आईने बजावलं की पाळणार नसशील तर घेऊच नकोस. तो धर्मगुरूंकडे गेला, शपथ घेतली, पापं कबूल करून कुमसार केला.

शपथ किती दिवसांची घेतली, माहीत आहे? तीन महिन्यांची. जन्मभराची गर्जना केली नाही. तीन महिने पार पडल्यावर सहा महिन्यांची, मग जन्मभराची. पहाटे कामावर जाण्याआधी मिस्सा सुरू केली, रोज. संध्याकाळी कामावरून सुटल्यावर गुत्ता समोर यायचा, त्या वेळेला तो चर्चमध्ये जाऊन बसायचा. आणि एक दिवस पाय गुत्त्याकडे वळलेच, तेव्हा त्याने ठरवलं की खिशात पैसे घेऊन बाहेरच पडायचं नाही. बघा, हे किती साधं आहे. पैसेच नाहीत, तर पेला येणार कुठून? त्याने देवावर सगळं टाकलं आणि खिसाही रिकामा केला. दोन्ही केलं. 7 जून 1925 ला, पवित्र त्रैक्याच्या रविवारी, मिस्साला जाताना रस्त्यात कोसळून तो गेला. शपथेपासून एक्केचाळीस वर्षं दारूचा थेंब नाही. लाकडाच्या वखारीतला हमाल, त्याला 1975 मध्ये पोप सहावे पॉल यांनी ‘वंदनीय’ घोषित केलं. त्याच्या अंगावर प्रायश्चित्ताच्या साखळ्या सापडल्या होत्या, त्यांची नक्कल तुम्ही मुळीच करू नका, ते तुमचं काम नाही. तुम्ही त्याच्या खिशाची नक्कल करा. रमीचं ॲप काढा आणि त्याला जोडलेलं बँकेचं खातं तोडा. रात्री फोन आईच्या खोलीत ठेवा. लग्नाच्या हळदीला ज्या कोपऱ्यात बाटल्या उघडतात तिकडे फिरकू नका. ‘लोक काय म्हणतील’ म्हणणाऱ्याने आधी टॅल्बटचे मित्र आठवावेत. गरजेच्या दिवशी त्यातल्या एकानेही त्याला हाक मारली नाही.

तिसरी गोष्ट, आणि ही नीट लिहून घ्या, कारण इथे तुम्हाला सबब उरणार नाही. संत इग्नेशियस लोयोला. 1521 मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने पाय फुटला, अंथरुणाला खिळला. तिथे त्याच्या ध्यानात आलं की दरबारी पराक्रमाची स्वप्नं बघताना गोड वाटतं, पण नंतर मन कोरडं पडतं. संतांसारखं जगायचा विचार केला की नंतरही मन आनंदी राहतं. एवढ्या एका निरीक्षणावरून त्याने पुढे ‘आध्यात्मिक साधना’ हा ग्रंथ रचला आणि 1548 मध्ये पोपने त्याला मान्यता दिली. ज्यांनी आपल्या मराठीत ख्रिस्तपुराण रचलं, ते फादर थॉमस स्टीफन्स याच इग्नेशियसच्या येशूसंघाचे होते. या संघाचा प्रत्येक जण या साधनेतून जातोच.

या ग्रंथात एका विशिष्ट दोषाच्या तपासणीची रीत दिली आहे. एका वेळी एकच दोष धरायचा. सगळं आयुष्य एका उपवासकाळात सुधारायला निघू नका, त्यातून काहीच होत नाही. सकाळी उठताच ठरवायचं, आज हा दोष टाळायचा. दुपारी जेवणानंतर उठल्यापासूनचा एकेक तास आठवायचा आणि जितक्या वेळा पडलो तितके ठिपके वहीतल्या पहिल्या रेघेवर मांडायचे. रात्री जेवणानंतर पुन्हा तसंच, दुसऱ्या रेघेवर. मग दुपारच्या आणि रात्रीच्या ठिपक्यांची तुलना, आजची कालशी, या आठवड्याची गेल्या आठवड्याशी. आणि दिवसभरात जेव्हा जेव्हा त्या दोषात पडाल, तेव्हा तिथल्या तिथे हात छातीवर ठेवून मनात दुःख व्यक्त करायचं. चारचौघांत असलात तरी कोणाला कळत नाही, हेही इग्नेशियसने लिहून ठेवलंय. सैनिक होता तो. त्याला माहीत होतं की आपण कुठे कमी पडतो हे मोजल्याशिवाय लढता येत नाही. शत्रू सेनापतीसारखा गडाभोवती फिरून सर्वांत कच्ची बाजू हेरतो, असंही त्याने सांगितलं. शत्रूला तुमची कच्ची बाजू माहीत आहे. तुम्हाला ती माहीत नाही, ही शरमेची गोष्ट आहे.

आता तुम्ही म्हणाल, ‘बाई, प्रार्थनेत मन लागत नाही. रुक्ष वाटतं.’ वाटणारच. इव्हॅग्रियसच्या आठ विचारांत मनाचा कंटाळा उगाच आलेला नाही. वाळवंटातल्या तपस्व्याला दुपारी सूर्य जागेवरून हलत नाही असं वाटायचं, तो पुन्हा पुन्हा खिडकीबाहेर बघायचा, आपली कोठडी नकोशी व्हायची, दुसरीकडे जाऊन भक्ती बरी होईल असं मनात यायचं. त्याच्याजवळ मोबाइल नव्हता, तरी तो सुटला नाही. तुम्ही सुटाल कसे? त्यावर इग्नेशियसचा उपाय स्पष्ट आहे. मन उदास आणि कोरडं असताना आधी ठरवलेला नेम बदलू नका. उलट तासाभराची प्रार्थना ठरवली असेल, तर तासाच्या वर थोडा वेळ जास्त बसा. तुम्ही काय करता? रोजरीच्या दुसऱ्या दशकात डोळे मिटले की ‘उद्यापासून नीट करू’ म्हणून उठता. उद्या कोणी बघितलाय? शत्रूला दोन मिनिटं कापून दिलीत, आता तो पाच मागेल. त्याला दोन मिनिटं वाढवून दाखवा.

उपवासाचंही तेच. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे, या दोन दिवशी एकच पूर्ण जेवण आणि मांस वर्ज्य. चौदा वर्षं पूर्ण झाली की मांस वर्ज्य करण्याचा नियम लागतो आणि अठरा पूर्ण झाल्यापासून साठावं वर्ष लागेपर्यंत उपवासाचा. वर्षाचे दोन दिवस. यात तुम्हाला डोकं दुखतं, चक्कर येते. पण मॅच असली की सहा तास जेवणाची शुद्ध नसते. शुक्रवारी मटण टाळून पापलेटवर ताव मारलात तर नियम पाळला, पण उपवास झाला नाही. उपवास कशासाठी आहे, हे कोणी विचारलंत का? जे हक्काचं आहे, चांगलं आहे, समोर ताटात आहे, त्याला ‘आत्ता नको’ म्हणायची सवय लागावी, म्हणून. भजी समोर असताना हात आवरता आला नाही, तर मध्यरात्री मन कसं आवरेल? आणि उपवासाचे वाचलेले पैसे स्वतःच्या खिशात ठेवू नका. उपवास, प्रार्थना आणि दानधर्म ही तिन्ही एकत्र आहेत. एक काढलंत की उरलेली दोन दिखाऊ होतात.

आता जे तुम्ही सर्वांत जास्त लपवता त्याकडे येते. कुमसार. मोहाचा सगळा जोर गुपितात आहे. इग्नेशियसने खोट्या प्रियकराचा दाखला दिलाय. चांगल्या घरच्या मुलीला फसवणारा माणूस एकच गोष्ट मागतो, घरी सांगू नकोस. घरी कळलं की त्याचा डाव संपतो. सैतानही तुम्हाला तेच सांगतो, फादरांना सांगू नकोस, ते काय म्हणतील, पुढच्या रविवारी तोंड कसं दाखवशील. आणि तुम्ही त्याचं ऐकता. दोन दोन वर्षं कुमसाराला जात नाही. गेलात तर लोकल पकडून तिसऱ्याच गावच्या अनोळखी फादरांकडे जाता आणि तिथेही ‘खोटं बोललो, आईला उलट बोललो’ एवढंच सांगून मुख्य गोष्ट गिळून परत येता. अरे, कुमसाराचं गुपित फोडणाऱ्या धर्मगुरूला चर्च कोणती शिक्षा देतं, ठाऊक आहे? थेट धर्मबहिष्कार, आणि तो त्याच क्षणी आपोआप लागू होतो. तुमच्या लाजेचं रक्षण चर्च इतक्या कडक कायद्याने करतं आणि तुम्ही त्याच लाजेखातर स्वतःचा जीव गुदमरवता. एक धर्मगुरू ठरवा. महिन्याला जा. तोच दोष दहाव्यांदा सांगायला लागला तर दहाव्यांदा सांगा.

आणि पडल्यावर प्रार्थना सोडून देणारे जे तुमच्यात आहेत, त्यांच्यासाठी मी सर्वांत कठोर शब्द राखून ठेवलेत. ‘इतकं घाण केल्यावर कोणत्या तोंडाने देवापुढे जाऊ?’ ही नम्रता नव्हे. हा वेष बदलून आलेला अहंकार आहे. आविलाची संत तेरेसा, जिला चर्चने 1970 मध्ये धर्मपंडित म्हणून गौरवलं, तिने हीच चूक केली होती आणि स्वतःच्या आत्मचरित्रात कबूलही केली. मठात असताना आपण देवाशी एकांतात बोलायला लायक नाही असं वाटून तिने वर्षभर आणि वर मनातली प्रार्थना सोडली. नम्रता म्हणून सोडली. पुढे तिने लिहिलं की आपल्यावर आलेला हा सर्वांत भयंकर मोह होता, कारण त्याने औषधच काढून घेतलं. वडिलांच्या निधनानंतर एका डॉमिनिकन धर्मगुरूने समजावलं तेव्हा ती प्रार्थनेला परतली. त्यानंतरही कित्येक वर्षं तिचं मन रमत नव्हतं, तास कधी संपेल याकडे कान लावून बसायची. पण बसायची. मग तुम्ही कोण लागून गेलात, की तेरेसाला जे जमलं नाही ते, प्रार्थना सोडून शुद्ध राहणं, तुम्हाला जमेल?

रात्री साडेबाराला पडलात? साडेबारा वाजून एक मिनिटाने उठा, गुडघे टेका, पश्चात्तापाची प्रार्थना म्हणा, मारियामातेला हाक मारा आणि झोपा. तासभर स्वतःला शिव्या देत बसू नका. त्या तासात सैतान दुसऱ्यांदा जिंकतो. आणि ज्यांच्या मनात नुसता विचार येऊन गेला, होकार दिलाच नाही, ते ‘माझं कम्युनियन गेलं’ म्हणून रडत बसतात, त्यांनीही ऐकावं. घोर पापाला तीन गोष्टी लागतात. गोष्ट गंभीर हवी, ती गंभीर आहे हे पुरतं कळलेलं हवं, आणि जाणूनबुजून होकार हवा. न मागता आलेला आणि न पोसलेला विचार पाप नाही. प्रश्न पडला तर फादरांना विचारा, स्वतःच स्वतःचे न्यायाधीश होऊ नका.

शेवटी, देवाशी सौदे करणं बंद करा. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये 1948 पासून दर बुधवारी नोव्हेना चालते, तुमच्यातले बरेच जण जातात. जरूर जा. पण नऊ बुधवार मेणबत्ती लावली म्हणजे मारियामाता तुमचा मोह परस्पर उचलून नेईल, या समजुतीने जाऊ नका. गळ्यातला पदक-क्रूस, पवित्र पाणी, स्कॅप्युलर ही चर्चची साधनं आहेत, आणि हात जोडलेल्या माणसाला ती मदत करतात. हात खिशात घालून उभ्या असलेल्या माणसाला नाही. देवाची कृपा फुकट आहे, ती कोणी मनगटाच्या जोरावर कमावत नाही. पण ती घ्यायला वेळेवर समोर यावं लागतं, आणि तिथेच तुम्ही कुचराई करता.

तुमच्यात दम आहे, म्हणून इतकं बोलते आहे. ज्यांच्याकडून काही होणार नाही असं मला वाटतं त्यांच्यावर मी घसा कोरडा करत नाही. तर ऐका. आज रात्रीपासून रोजरीच्या हाकेला उठायचं. एक वही करायची, एकच दोष धरायचा, दुपारी आणि रात्री ठिपके मांडायचे. ती वही मला दाखवायची नाही, ती तुमच्या आणि देवाच्या मधली आहे. मांडले की नाही, एवढंच मी पुढच्या रविवारी प्रत्येकाला तोंडावर विचारणार आहे. एक वचन पाठ करायचं, संदर्भासकट, आणि ते मात्र उभं राहून म्हणून दाखवायचं. मोह ज्या दाराने येतो ते दार कोणतं हे शोधायचं आणि ते आजच बंद करायचं, ईस्टरनंतर नव्हे.

सात वाजता मिस्सा आहे. फादर साडेसहापासून कुमसाराला बसलेत. आधी स्वतःशी नीट आठवून घ्या, गिळायची सवय आहे ती गोष्ट पहिली सांगा. चला, उठा आणि रांग लावा.